जुनी फ्लॉपी वाचायची तर आधी इमेज, फाइली नंतर

फ्लॉपी हाती आली की ती ड्राइव्हमध्ये घालून लगेच फाइली उघडाव्याशा वाटतात. तसं करू नका. वाचताना ड्राइव्हचं हेड (वाचणारा भाग) चकतीला प्रत्यक्ष घासतं, त्यामुळे जीर्ण झालेला चुंबकीय थर प्रत्येक फेरीत थोडा खरवडला जाऊ शकतो. पहिल्याच फेरीत पूर्ण चकतीची इमेज, म्हणजे सगळ्या चकतीची एकाच फाइलीतली हुबेहूब प्रत, घ्या.

त्याआधी राइट-प्रोटेक्ट करा, म्हणजे चुकून फ्लॉपीवर काही लिहिलं जाणार नाही. ३.५ इंचीवर पट्टी सरकवून भोक उघडं ठेवायचं, ५.२५ इंचीवर मात्र कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची. ३.५ इंचीचं धातूचं झाकण सरकवून आत पाहा. पांढुरके ठिपके म्हणजे बुरशी. अशी चकती साफ केल्याशिवाय घातलीत तर हेड खराब होतं आणि पुढची चांगली फ्लॉपीही बिघडते.

१.४४ एमबीच्या फ्लॉपीला साधा यूएसबी ड्राइव्ह पुरतो. विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं तर नाही म्हणा. इमेज घ्यायला विंडोजवर विनइमेज, लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम वापरा. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या सेक्टरांकडे (चकतीवरच्या छोट्या तुकड्यांकडे) नंतर वळतं, म्हणून खराब चकतीला तेच बरं. इमेज नेमकी १४,७४,५६० बाइट भरली पाहिजे (८० ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, २ बाजू, १८ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट). ७२० केबीची ७,३७,२८०. पण आकार जुळला म्हणजे सगळं वाचलं गेलं असं नाही, चुकलेल्या सेक्टरांची नोंद तपासा.

एचडी (१.४४ एमबीची) फ्लॉपी कुणी ७२० केबीत फॉरमॅट केली असेल तर ड्राइव्ह एचडीची खूण असलेलं भोक पाहून फसतो. पट्टी नसलेलं भोक चिकटपट्टीने झाका.

चुका आल्या तर कापसाच्या काडीने, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड पुसा, मग दुसरा ड्राइव्ह लावून बघा. लिहिणाऱ्या ड्राइव्हचं हेड किंचित सरकलेलं असेल, तर एका ड्राइव्हवर अडलेली चकती दुसऱ्यावर सहज वाचली जाते. किंचाळल्यासारखा आवाज आला तर मात्र ताबडतोब थांबा, थर सुटतोय.

५.२५ इंची फ्लॉपी, अमिगा या जुन्या संगणकाच्या फ्लॉपी आणि मॅकच्या ८०० केबी फ्लॉपी यूएसबी ड्राइव्ह वाचत नाही. त्यांना ग्रीझवीझल हे छोटं कंट्रोलर बोर्ड, ३४ पिनांची रिबन केबल आणि जुना ड्राइव्ह लागतो, ५.२५ इंचीला ५ आणि १२ व्होल्ट दोन्ही द्यावे लागतात. हे बोर्ड सेक्टर न शोधता कच्चे चुंबकीय बदलच टिपतं, त्यामुळे फॉरमॅट कुठला हे नंतर सावकाश ठरवता येतं.

पीसीच्या फ्लॉपीची इमेज सेव्हन-झिप या प्रोग्राममध्ये उघडते. मूळ इमेजला हात न लावता प्रतीवरच काम करा.