पाय घसरून पडल्यानंतर : भरपाईच्या दाव्याची तयारी

मंगल कार्यालयात, मॉलमध्ये, रुग्णालयात किंवा एखाद्या इमारतीच्या जिन्यावर कोणी घसरून पडले, की लोक त्याला उचलतात, खुर्चीवर बसवून पाणी देतात आणि तेवढ्या वेळात कोणीतरी फरशी पुसून टाकते. पुसणाऱ्याचा हेतू बहुधा चांगलाच असतो, पण दाव्याचा सर्वांत मोठा पुरावा त्या फडक्याबरोबर जातो. माझी आई एका लग्नात हात धुण्याच्या जागेपाशी पडली आणि तिचा खुबा मोडला, तेव्हा आम्हा चार नातेवाइकांच्या हातांत चार फोन असूनही त्या ओल्या फरशीचा एकही फोटो कोणी काढला नाही. तीच उणीव पुढे आम्हाला सर्वांत जास्त नडली, म्हणून ही यादी मी तिथूनच सुरू करतो.

जखमी व्यक्तीकडे एकाने पाहावे आणि दुसऱ्याने लगेच जागेचे फोटो काढावेत. फोटोत नुसते पाणी दिसून भागत नाही; ते कुठून आले, जवळपास सूचनेचा फलक होता का, उजेड किती होता, पायपुसणे किंवा कठडा होता का, हे दिसले पाहिजे. इंग्लंडमध्ये जागेच्या ताबाधारकाच्या, म्हणजे जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या, जबाबदारीसाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा कायदा नसल्याने दिवाणी दावा हलगर्जीपणाच्या सर्वसाधारण तत्त्वांवर चालतो. त्यात कळीचा प्रश्न असा असतो, की धोका ताबाधारकाला ठाऊक होता का, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर ठाऊक झाला असता का. म्हणूनच गळणाऱ्या नळाचा एक फोटो सुजलेल्या पायाच्या दहा फोटोंपेक्षा मोलाचा ठरतो, आणि ‘सकाळपासून इथे पाणी साचले होते’ असे सांगणाऱ्या माणसाचे नाव व फोन क्रमांक त्याहूनही मोलाचा. पडताना पायात असलेली चप्पल न धुता पिशवीत घालून जपून ठेवावी, कारण चपलेचा तळ झिजला होता असा बचाव हमखास घेतला जातो. फोटोंची मूळ फाइल फोनमध्येच राहू द्यावी. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत पुरेशी मानू नये.

सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत आपोआप पुसले जाते. त्यामुळे त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाला लेखी पत्र द्यावे, तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची जागा नमूद करून चित्रण जपून ठेवण्याची मागणी करावी आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच नाकारली तर पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवावे. असे चित्रण किंवा फोनमधले फोटो न्यायालयात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३(४) प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते, याची वकिलांना आठवण करून द्यावी.

रुग्णालयातली एक गोष्ट मी विशेष आग्रहाने सांगतो. केस पेपरवर घटनेचा वृत्तान्त लिहिला जातो आणि घाबरलेला नातेवाईक घाईत नुसते ‘पडल्या’ म्हणतो. कधी ‘घरी पडल्या’ अशीही नोंद होऊन बसते. ही ओळ पुढे विरुद्ध पक्षाच्या हातात आयते हत्यार देते, म्हणून कुठे, कशावरून आणि किती वाजता पडल्या हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि लिहिलेले वाचून पाहावे. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत वैद्यकीय कागदपत्रे देण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनी डॉक्टरांवर घातलेले आहे. त्याप्रमाणे केस पेपर, एक्स-रे, शस्त्रक्रियेची टिपणे आणि डिस्चार्ज समरी मागून घ्यावी.

खर्चाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. औषधांची बिले सर्वजण ठेवतात. रिक्षाचे भाडे, घरी ठेवलेल्या मदतनीस बाईंचा पगार, फिजिओथेरपी, भाड्याने आणलेला वॉकर आणि कॉट मात्र निसटतात. नोकरी असेल तर रजेचा दाखला व पगारपत्रके, व्यवसाय असेल तर प्राप्तिकर विवरणपत्रे लागतात. गृहिणीच्या श्रमांना आर्थिक मूल्य असते हे सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या प्रकरणांत मान्य केले आहे, तेव्हा ‘आई काही कमावत नव्हती’ असे कुणी म्हटले तर मान खाली घालू नये. कायमचे अपंगत्व आले असल्यास उपचार स्थिरावल्यावर प्रमाणपत्र घ्यावे, आणि त्यातील टक्केवारी म्हणजेच कमाईतील घट नव्हे, हे राजकुमार विरुद्ध अजयकुमार या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निकालातील तत्त्व लक्षात ठेवावे.

दावा कोणावर करायचा, हे दिसते तितके सरळ नसते. मंगल कार्यालय एका संस्थेचे, जेवणाचे कंत्राट दुसऱ्याचे आणि साफसफाई तिसऱ्याची असू शकते. यजमानांकडून आरक्षणाची पावती व करारपत्र मागून घेऊन सर्वांची अधिकृत नावे लिहून ठेवावीत. कार्यालय आपण आरक्षित केले नव्हते म्हणून ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, कारण पैसे मोजणाऱ्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या व्याख्येत येतो. मॉल किंवा दुकानात पडल्यास मात्र त्या दिवशीचे बिल किंवा पार्किंगची पावती जपावी, नाहीतर ग्राहक असण्यावरच वाद घातला जातो. जिल्हा ग्राहक आयोगाची मर्यादा मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. ती रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथे चालते, आणि ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही.

मुदती दिनदर्शिकेवर ठळक लिहाव्यात. ग्राहक आयोगात दोन वर्षे, दिवाणी न्यायालयात सर्वसाधारणपणे तीन वर्षे मिळतात. प्रतिवादी महापालिका असेल तर हिशेब एकदम बदलतो : मुंबईत १८८८ च्या अधिनियमाचे कलम ५२७ आणि इतर महापालिकांसाठी १९४९ च्या अधिनियमाचे कलम ४८७ यांनुसार आधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो. तीन वर्षे आहेत या समजुतीत बसलेल्यांची प्रकरणे इथेच बुडतात. शासनाविरुद्धच्या दाव्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस लागते. रस्त्यावरील खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडून इजा झाली असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेला आदेश पाहावा. त्यात मृत्यूसाठी ६ लाख आणि इजेसाठी ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली आहे. कामावर असताना पडलेल्या कामगाराचा मार्ग सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील कर्मचारी नुकसानभरपाईच्या तरतुदींतून किंवा राज्य कामगार विमा योजनेतून जातो.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन करावा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वकिलांना भेटताना आपली बाजू दुबळी करणाऱ्या गोष्टीही लपवू नयेत. फोनवर बोलत चालत होतो, फलक दिसला होता, चष्मा घरी राहिला होता, असे काही असेल तर ते आधीच सांगावे. त्यामुळे भरपाई कमी होऊ शकते, पण उलटतपासणीत बाहेर आले तर बाकीच्या खऱ्या साक्षीवरचाही विश्वास उडतो.

रुग्णालयाचे बिल भरायला व्यवस्थापनाचा माणूस येतो तेव्हा त्याच्यासोबत बहुधा एक कागदही येतो. ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द त्यात असतील तर वकिलांना दाखवल्याशिवाय सही करू नये; रक्कम घ्यायचीच असेल तर ती अमुक तारखेच्या बिलापोटी मिळाली आणि उर्वरित हक्क राखून ठेवले आहेत, एवढे पावतीवर स्वतःच्या अक्षरात लिहावे आणि त्या पावतीचाही फोटो काढून ठेवावा.