सत्या नीट बघायचा असेल तर असा बघा

सत्या आधी पाहिला असला तरी परत बघा, पण यावेळी स्टोरीच्या मागे धावू नका. 1998 मध्ये राम गोपाल वर्माने हा पिक्चर काढला तेव्हा त्यात एकही मोठा स्टार हिरो नव्हता तरी तो हिट झाला, आणि का झाला ते कळायला पहिल्यांदा यातल्या भिकू म्हात्रे या गँगस्टरचं घर बघा. भिकू आणि त्याची बायको प्यारी भांडतात, हात उगारतात आणि लगेच हसतात पण, म्हणजे गँगस्टरलाही बायको-पोरं असतात, घरखर्च असतो हे आपल्याकडे इतकं खरं क्वचितच दिसलं होतं. मनोज बाजपेयीला भिकूच्याच रोलसाठी नॅशनल अवॉर्ड मिळालं, आणि मिळायलाच हवं होतं!

मग दुसऱ्यांदा हेडफोन लावून फक्त आवाज ऐका. संदीप चौटाचं बॅकग्राउंड म्युझिक, पाऊस, आणि शेवटी गणपती विसर्जनाच्या गर्दीत भाऊ नावाच्या नेत्याचा खून, तिथे ढोल आणि भीती एकत्रच अंगावर येतात.

आता सत्याचा पुढच्या पिक्चरवरचा प्रभाव शोधायचा तर क्रम असा ठेवा: आधी कंपनी (2002), मग अब तक छप्पन, मग ब्लॅक फ्रायडे, आणि गँग्स ऑफ वासेपूर शेवटी. सत्याच्या दोन लेखकांपैकी एक अनुराग कश्यप, दुसरा सौरभ शुक्ला जो कल्लू मामा पण झालाय, त्यामुळे कश्यपच्या पिक्चरमध्ये (ब्लॅक फ्रायडे, वासेपूर) गुंड जेवताना, टाइमपास करताना दिसले की पॉज करा आणि सत्यातला तसाच सीन शेजारी लावून बघा.