झुडपांच्या भिंतींची बैठक: मे महिन्यात करायची तयारी

रोपं आणायला नर्सरीत धावू नका. आधी एखाद्या संध्याकाळी पाचच्या सुमारास, बागेत जिथे बैठक हवी आहे तिथे दोन खुर्च्या नेऊन ठेवा आणि चांगला अर्धा तास बसा. ऊन डोळ्यांवर कुठून येतं, शेजारच्या कोणत्या खिडकीतून आपण दिसतो, हे तिथे बसल्यावरच कळतं. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे सरकून मावळतो, हिवाळ्यात नैऋत्येकडे. म्हणून पश्चिमेचा आडोसा दोन्ही टोकांना थोडा वळवून घ्या. बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून चारेक फुटांवर असते, तेव्हा पाच फुटांचं कुंपण पुरे. सात फुटांचा हट्ट धरलात तर छाटणीला दर वेळी शिडी लागेल आणि दहा बाय बाराच्या जागेत विहिरीत बसल्यासारखं वाटेल. वरच्या मजल्यावरून डोकावणाऱ्यांवर मात्र झुडपांचा इलाज नाही. तिथे झाडच हवं.

मग फक्की मारून रेघ आखा. वाढलेलं कुंपण दोन फूट तरी जाड होतं, हे आखतानाच धरून चाला. दाराची फट पाच फूट ठेवली, तरच पुढे चहाचा ट्रे घेऊन आत जाता येईल. कंपाउंडच्या भिंतीपासून अडीच फूट सोडा, नाहीतर मागच्या बाजूला कात्री चालवायला माणूस शिरणार कुठून? पाण्याचा पाइप आणि दिव्याची वायर चर खणतानाच टाकून घ्या. मुळं धरल्यावर तिथे कुदळ मारायची नसते.

चर दीड फूट रुंद, दीड फूट खोल. मेच्या उन्हात तो आठ-दहा दिवस उघडा तापू द्या, मग निघालेल्या मातीत साधारण तिसरा हिस्सा कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून भरा. काळी माती असेल तर भर जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी मुळाशी साचणार नाही.

रोपांची निवड हा खरा कळीचा भाग. मला विचाराल तर बैठकीसाठी कुंतीच. पानं बारीक, काटे नाहीत, पावसाची सर येऊन गेली की पांढरी फुलं आणि भरपूर वास. वाढ सावकाश, हा तिचा दोष. पण आवारात लिंबू, संत्री किंवा मोसंबी असेल तर कुंती नकोच. लिंबूवर्गीय झाडांना ग्रीनिंग रोग पसरवणारी सायला कीड तिच्यावरही पोसते. तिथे एक्झोरा किंवा जास्वंद लावा. पाणी कमी असेल तर मेंदी, आणि बाहेरून शेळ्या येत असतील तर अडुळसा. त्याला त्या सहसा तोंड लावत नाहीत. करवंद काटेरी, ते शेताच्या बांधावरच ठीक. लहान मुलं असतील तर कण्हेर विषारी म्हणून आणि ड्युरांटा त्याच्या विषारी पिवळ्या फळांमुळे टाळा.

दीड फुटावर एक रोप धरलं तर तीस फुटांच्या एका ओळीला वीस-एकवीस रोपं लागतात. मर धरून दोन-तीन जास्त सांगून ठेवा. उंच, काटकुळं रोप घेऊ नका. बुडापासून फुटलेलं फूटभराचं रोप त्याहून चांगलं.

लावणी पाऊस नीट बसल्यावर, पहिल्या वळवाला भुलून नाही. रोपं रुजून नवी पालवी आली की शेंडे निर्दयपणे खुडा; शेंडा राखला तर बुडाशी कायमची भोकं राहतात. पुढची प्रत्येक छाटणी बुडाशी रुंद, वर निमुळती, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं. कुंपण भरायला दोन-तीन पावसाळे जातील. तोवर आडोशाला हिरवी शेडनेट बांधायची असेल तर स्वतंत्र बांबू रोवा आणि ती रोपांपासून हातभर लांब ठेवा.