सुरुवातीचं शून्य गळतं कुठे? लांब आकड्यांबाबत या चुका टाळा

खाते क्रमांक, बारकोड, ग्राहक क्रमांक यांची बेरीज कोणी करत नाही. तरीही केवळ अंक दिसतात म्हणून ते सर्रास पूर्णांक म्हणून साठवले जातात. ००४२७१ चं ४२७१ होतं आणि सुरुवातीला किती शून्यं होती, ही माहिती तिथेच संपते. ज्या आकड्याशी गणित करायचं नाही, त्याचा टाइप स्ट्रिंगच, म्हणजे साधा मजकूर, हवा, डेटाबेसमध्येही. जुन्या दहा अंकी आयएसबीएनमध्ये तर शेवटी 'एक्स' हे अक्षरही येऊ शकतं!

सगळ्यात घातक मला वाटते ती नंतरची मलमपट्टी. शून्यं गेल्याचं लक्षात आलं की लोक ठरावीक लांबीपर्यंत पुढे शून्यं भरणारं पायथनचं झेडफिल किंवा जावास्क्रिप्टचं पॅडस्टार्ट लावून मोकळे होतात. लांबी ठरलेली असेल तर ठीक. पण ०४२ आणि ००४२ हे दोन वेगळे कोड असतील, तर दोघांचं ४२ झाल्यावर ते वेगळे करण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. म्हणून शून्य कुठे गळलं ते आधी शोधा.

शोध मूळ फाइलपासून सुरू करा, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल) साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. एक्सेलमध्ये थेट उघडली तर सुरुवातीची शून्यं जातात. शिवाय एक्सेल १५ अंकच नेमके धरतं, त्यामुळे १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक ० होतो. तशीच सेव्ह केली की फाइल बिघडलीच. आयात करताना त्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' निवडा. पांडाज या पायथनच्या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीत फाइल वाचतानाच त्या कॉलमचा डीटाइप (डेटाचा प्रकार) स्ट्रिंग द्या. नाहीतर एखादी जागा रिकामी असली तरी ००४२७१ चं ४२७१.० होऊन बसतं.

फक्त शेवटचा अंक बदललेला दिसला तर संशय जावास्क्रिप्टवर घ्या. तिथल्या साध्या नंबरमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच पूर्णांक खात्रीने नेमके राहतात. ९००७१९९२५४७४०९९३ लिहा, ९००७१९९२५४७४०९९२ मिळेल, आणि एररही येणार नाही. सर्व्हरने जेसनमध्ये (डेटा पाठवण्याच्या मजकुरी फॉरमॅटमध्ये) बरोबर आकडा पाठवला तरी ब्राउझरमध्ये तो वाचताना हेच होतं. ट्विटरने याच कारणासाठी ट्वीटचा आयडी स्ट्रिंग म्हणूनही द्यायला सुरुवात केली होती. मोठ्या पूर्णांकांसाठीचा जावास्क्रिप्टचा प्रकार बिगइंट वापरला तर सगळे अंक वाचतात, पण सुरुवातीची शून्यं जातातच. दोन्ही टिकवायचं असेल तर स्ट्रिंगला पर्याय नाही.

शून्याने सुरू होणारा आकडा थेट कोडमध्ये लिहिला तर आणखी वेगळं घडतं. सी आणि जावामध्ये ०१० म्हणजे ८, कारण तो अष्टमान पद्धतीत (दहाऐवजी आठच्या पायावर) वाचला जातो. पायथन ३ सरळ सिंटॅक्स एरर देतं, आणि हेच मला जास्त प्रामाणिक वाटतं. बॅश या कमांड-लाइन शेलच्या अंकगणितातही अष्टमानच चालतं: ०७ चालतो, ०८ आणि ०९ वर एरर. त्यामुळे दोन अंकी महिना वापरणारी स्क्रिप्ट जुलैपर्यंत बिनतक्रार चालते, ऑगस्टमध्ये पडते आणि ऑक्टोबरमध्ये आपोआप 'बरी' होते! आकड्याआधी १०# लावलं की तो दशमानच धरला जातो.

तपासणीतही एक खाच आहे. मजकुरात सगळे अंकच आहेत का हे सांगणारं पायथनचं इझडिजिट देवनागरी अंकांनाही होकार देतं, आणि घात दाखवणाऱ्या छोट्या ² लासुद्धा. त्या ² वर मजकुराचा पूर्णांक करणारं इंट चालवलं तर एरर येते. फक्त 0 ते 9 हे रोमन लिपीसोबत येणारे अंकच हवे असतील तर रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा नमुना तपासणाऱ्या सूत्रात) तीच रेंज स्पष्ट लिहा.

डेटाबेसमध्ये कॉलम व्हारकार (मजकुराचा प्रकार) असूनही चुकीच्या ओळी येत असतील, तर क्वेरीतली अवतरणचिन्हं बघा. मायएसक्यूएलमध्ये ४२ अवतरणाशिवाय लिहिलं तर तुलना आकडा म्हणून होते. मग ०४२ आणि ००४२ दोन्ही जुळतात आणि त्या कॉलमचा इंडेक्सही (शोध जलद करणारी सूची) शोधाला उपयोगी पडत नाही. पीएचपीमध्ये अवतरणं असूनही हे होतं: दोन बरोबरची चिन्हं लावून तुलना केली तर "००७" आणि "७" समान ठरतात, तीन लावली तर नाहीत.