कमकुवत डिजिटल सही दुरुस्त करायला शिकताना

दुसरीकडच्या चादरीवर सोलापुरी चादरीचं लेबल लागलं की गिऱ्हाईक फसतं. डिजिटल सही होते ती फाइलच्या हॅशवर, म्हणजे तिच्यापासून काढलेल्या छोट्या ठशावर. हॅश कमकुवत असला की तसंच: सही अस्सल, खालचा माल बदललेला. शा-१ या जुन्या हॅशपद्धतीने एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये करून दाखवल्या. २०२० मध्ये हाच धोका पीजीपी कीपर्यंत, म्हणजे फाइल-ईमेलवर सही करायच्या किल्लीपर्यंत पोचला.

सरावासाठी सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुणं गाठायची गरज नाही. लिनक्स चालणारा जुना लॅपटॉप पुरतो.

आधी प्रायव्हेट कीची (जिने सही होते तिची) प्रत पेनड्राइव्हवर काढा. मग पब्लिक की (जिने लोक सही तपासतात ती) एक्स्पोर्ट करून जीपीजी या पीजीपीच्या प्रोग्रॅमच्या लिस्ट-पॅकेट्स कमांडमधून बघा. 'डायजेस्ट अल्गो'पुढे (म्हणजे हॅशच्या पद्धतीपुढे) २ आला तर शा-१, १ आला तर एमडी५. ८ म्हणजे शा-२५६, १० म्हणजे शा-५१२. सिगक्लास म्हणजे सहीचा प्रकार: १३ ही नावावरची सही आणि १८ ही सबकीची, म्हणजे मुख्य कीला जोडलेल्या उप-कीची. नवखे पहिलीच तपासतात आणि सबकी जुन्याच सहीवर राहते.

शा-१ दिसला म्हणून लगेच की टाकून देऊ नका. की आरएसए जातीची, ३०७२ किंवा ४०९६ बिटची असेल तर सही नवी केली की भागतं. जीपीजीच्या कॉन्फिग फाइलमध्ये सर्ट-डायजेस्ट-अल्गो शा-५१२ ठेवा, एडिट-की कमांडमध्ये जाऊन कीची मुदत बदला, मग प्रत्येक सबकी निवडून तिचीही. मुदत बदलली की सही नव्याने होते, एवढीच त्यातली युक्ती. नंतर पुन्हा पॅकेट्स बघा. जुन्या सह्याही यादीत दिसतील, म्हणून ताज्या तारखेची वाचा. नवी पब्लिक की लोकांकडे पोचली नाही तर सगळी मेहनत तुमच्याच लॅपटॉपवर राहते. की १०२४ बिटची, डीएसए या जुन्या जातीची असेल तर मात्र नवी कीच करा; तिच्यात १६० बिटांपलीकडचा हॅश पूर्ण मावतच नाही.

की झाली; आता सही तपासणारा कोड. तो दुरुस्त करताना सगळ्यात फसवी जागा म्हणजे ओपनएसएसएल या सह्या आणि एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं पडताळणीचं फंक्शन. ते १ देतं तेव्हा सही बरोबर, ० म्हणजे चूक, आणि सहीची रचनाच बिघडली असेल तर -१ येऊ शकतो. सी भाषेत शून्य नसलेलं सगळं खरं, त्यामुळे नुसतं 'इफ' लिहिलं की मोडकी सही पास होते. २००८ मध्ये खुद्द ओपनएसएसएलच्याच कोडमध्ये ही चूक सापडली होती. तुलना थेट १ शीच करा.

टेस्ट दोन लिहा. फाइलचा एक बाइट बदलून ० येतो का बघा, आणि सहीचेच शेवटचे काही बाइट कापून बघा. पहिली टेस्ट चुकीच्या कोडलाही पास करते. चोर सापडू शकतो तो दुसरीत.