एरोस्पेसची फी भरण्याआधी हप्ता मांडा

मी नाशिकजवळच्या ओझरचा. शाळेवरून सुखोई लढाऊ विमान गेलं की सर आवाज विरेपर्यंत फळ्याकडे तोंड करून थांबायचे. तेव्हा एरोस्पेसच, म्हणजे विमान-रॉकेटची इंजिनिअरिंगच करायची, हे ठरलेलंच होतं. पैशांचं गणित मात्र डिग्री हातात आल्यावर कळलं. यंदा भाचाही तेच म्हणाला, म्हणून त्याला वही घेऊन बसवलं.

आधी कर्ज मांडा. खासगी कॉलेजची फी वर्षाला दोन लाख धरली तर चार वर्षांचे आठ, हॉस्टेल-मेस वेगळी. व्याज दहा टक्के धरू. शिकताना आणि पुढे वर्षभर हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतं. पहिल्या दोन लाखांवर पाच वर्षांचं, पुढच्यांवर चार, तीन, दोन. सगळं मिळून २ लाख ८० हजार. म्हणजे फेड सुरू होणार १० लाख ८० हजारांवर, दहा वर्षं दरमहा साधारण १४,३००. भाच्याने तो आकडा पेन्सिलने दोनदा गिरवला. घरच्यांना झेपत असेल तर शिकताना आणि पुढच्या त्या वर्षातही व्याज भरत जा. हप्ता १०,६०० च्या आसपास येतो.

आता त्याच पानावर पहिला पगार लिहा. माझा बावीस हजार होता, पुण्यातल्या एका छोट्या डिझाइन फर्ममध्ये. खोलीभाडं नि हप्ता गेला की महिनाअखेर वडापाव. पगार हलला तो कॅटिया आणि अ‍ॅन्सिस या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर हात बसल्यावर, तेही स्वतः शिकून.

‘इस्रोत जाईन’ म्हणणाऱ्यांनी जुन्या जाहिराती काढून वाचाव्यात. शास्त्रज्ञ-अभियंता ‘एससी’ (हे सुरुवातीच्या पदाचं नाव, आरक्षण नव्हे) याचं मूळ वेतन ५६,१००, पण जागा बहुतेक मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरच्या. आयआयटी किंवा तिरुवनंतपुरमचं आयआयएसटी (अंतराळ तंत्रज्ञानाची सरकारी संस्था) मिळत असेल तर डोळे झाकून एरोस्पेस घ्या. नसेल, तर माझं मत मेकॅनिकलला. पुढे गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन एरोस्पेसमध्ये एम.टेक. करता येतं, वर दरमहा १२,४०० विद्यावेतन. आणि विमान दुरुस्त करून सही करायचीय? त्याला डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा परवाना लागतो, ती वाटच निराळी.

शेवटचं काम: कॉलेजच्या माहितीपत्रकातले पगार सोडा, मागच्या बॅचच्या पाच जणांना गाठून ‘हातात किती येतात?’ विचारा. भाच्याने विचारलं. दोघांची उत्तरं आलीत. एक चाकणला गिअरबॉक्सवर आहे, दुसरा कोडिंग करतो.