लॉजिक गेटचे सात टेबल पाठ करत बसू नका

परवा सिडकोत ताईकडे गेलो तर भाची वहीत डोकं घालून बसलेली, सात लॉजिक गेट (० किंवा १ असे इनपुट घेऊन ० किंवा १ आउटपुट देणारी सर्किटं), सात ट्रूथ टेबल (कोणत्या इनपुटला काय आउटपुट त्याचा तक्ता), नुसती घोकंपट्टी. म्हणाली मामा नॅन्ड आणि नॉर सारखे उलटसुलट होतायत. म्हटलं वही मिट आधी, पाठ करायचे सात नाहीतच, तीन आहेत.

अँड म्हणजे मिसळ. रस्सा आहे पण पाव संपले तर मिसळ खाल्ली असं नाशिकमधे कोण म्हणेल का, दोन्ही पाहिजे तरच आउटपुट १. ऑर म्हणजे नाशिकरोडहून सीबीएसला जायचंय, बस मिळो नाहीतर रिक्षा, पोचलं म्हणजे झालं, दोन्ही नसेल तरच ०. आणि नॉट म्हणजे सरळ घरातला इन्व्हर्टर, लाईट आहे तर हा गप्प, लाईट गेली की हा चालू. नॉट गेटला इन्व्हर्टरच म्हणतात (घरातल्या डब्याला ते नाव वेगळ्या कारणाने पडलंय पण लक्षात राहतं ना, बास).

आता टेबल. दोन इनपुट (ए आणि बी) असतील तर ४ ओळी, तीन असतील तर ८. बी च्या कॉलममधे ०, १, ०, १ आणि ए च्या कॉलममधे ०, ०, १, १, कायम याच क्रमाने लिहायचं, मनाला येईल तसं लिहिलं की एखादी ओळ हमखास सुटते. वरून खाली आउटपुट बघा, अँडचं ०००१, ऑरचं ०१११. गेटच्या चिन्हापुढे गोल टिंब लागलं की सगळं उलटं, म्हणजे नॅन्ड १११०, नॉर १०००. झाले ना दोन फुकटात!

एक्सॉरसाठी भाचीला जिन्यात नेलं. यांच्या रो हाऊसला जिन्याच्या बल्बला खाली एक बटण, वर एक बटण. यांच्याकडे दोन्ही बटणं सारखी असली की बल्ब बंद, वेगळी असली की चालू. दहा वेळा खालीवर केलं, ताई ओरडली, पण ०११० डोक्यात बसलं. एक्सनॉर त्याच्या उलट, १००१.

चिन्हांमधे गडबड होते ती अँड आणि ऑरमधे. अँडची पाठ सरळ, इंग्रजी डी सारखी, ऑरची पाठ आत वाकलेली आणि नाक टोकदार. ऑरच्या पाठीमागे अजून एक वाकडी रेघ दिली की एक्सॉर.

आता मार्कांचा प्रश्न, नॅन्डला युनिव्हर्सल गेट का म्हणतात. कारण नुसते नॅन्ड वापरून बाकीचे सगळे बनतात. दोन्ही इनपुट एकत्र जोडले की नॉट झाला, १ गेट. नॅन्डच्या पुढे असा नॉट लावला की अँड, २ गेट. ऑरला ३ लागतात, ए आणि बी आधी वेगवेगळे उलटे करायचे आणि मग तिसऱ्या नॅन्डमधे घालायचे. हे असं का होतं ते डी मॉर्गनच्या नियमाने दाखवा, वरची रेघ (म्हणजे नॉट) तोडा आणि मधलं चिन्ह बदला, गुणिलेचं (अँड) अधिक (ऑर). आकृती पेन्सिलने काढा आणि प्रत्येक गेटच्या आउटपुटवर काय आलं ते लिहा, नुसत्या आकृतीवर पूर्ण मार्क कोणी देत नाही.

प्रॅक्टिकलला गेटचे आयसी (चिप) असतात, ७४०८ अँड, ७४३२ ऑर, ७४०४ नॉट, ७४०० नॅन्ड. १४ पिनचे आयसी, खाच डावीकडे धरली की खालच्या रांगेत डावीकडून १ ते ७, सातवी ग्राउंड, चौदावीला ५ व्होल्ट. नऊ व्होल्टची बॅटरी थेट लावलीत तर आयसी गेला समजा. ७४०० आणि ७४०८ ला १, २ इनपुट आणि ३ आउटपुट, पण नॉरचा ७४०२ घेतला की १ नंबरच आउटपुट आणि २, ३ इनपुट. मी बारावीला तो नॅन्डसारखाच जोडला होता, अर्धा तास एलईडीकडे बघत बसलो आणि आयसी खराब आहे म्हणून सरांशी वाद घातला वर. आणि हो, इनपुटची पिन मोकळी सोडली म्हणजे ० होत नाही, टीटीएल (म्हणजे हे साधे ७४ चे) आयसी मोकळी पिन १ धरतो, ० पाहिजे तर वायर ग्राउंडलाच लावा.